कोल्हापूरची हद्दवाढ : शहराला लागून राहणाऱ्यांनो, तुमचं म्हणणं काय?

वेशीवरचा :
मंडळी, नमस्कार. हद्दवाढीचा विषय परत वर आलाय, म्हणून हा धागा काढतोय. मी शहराच्या हद्दीला लागून असलेल्या एका उपनगरात राहतो. पत्त्यात कोल्हापूर लिहितो, दुकान लक्ष्मीपुरीत आहे, मुलं शहरातल्या शाळेत जातात आणि घरफाळा (घरपट्टी) ग्रामपंचायतीला भरतो. माझ्यासारखी हजारो घरं आहेत.

माझं मत आधीच सांगतो. हद्दवाढ व्हायला पाहिजे. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची. महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. तेव्हापासून हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर, त्यात काडीचा फरक नाही. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४,९३,१६७ होती, २०११ ला ५,४९,२३६. दहा वर्षांत जेमतेम ५६ हजारांची वाढ! गाव वाढलं नाही असं थोडंच आहे? पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, सरनोबतवाडी बघा. वाढ सगळी वेशीबाहेर झाली, पाणी, गटार, रस्ता यांचा विचार न करता झाली आणि कागदावर ती कोल्हापूरची नाहीच.

प्रस्ताव मात्र कधी ४२ गावांचा, कधी १८ गावं आणि दोन एमआयडीसींचा, कधी आठ गावांचा. दर वेळी मोर्चे, बंद, बैठका, आणि फाईल परत जागेवर. मला पेठेतल्या लोकांचं म्हणणं माहीत आहे. मला ऐकायचंय ते लागून राहणाऱ्यांचं. विरोध असेल तर नेमका कशाला? शिव्या नकोत, कारणं द्या.

पंचगंगाकाठ :
+१. पन्नास वर्षांत हद्द न वाढलेलं दुसरं शहर महाराष्ट्रात दाखवा.

काळी_माती :
दादा, तुमी विचारलंय म्हणून लिहितो. आमची जमीन शहराला लागून. ऊस आणि थोडा भाजीपाला. आमचा विरोध जमिनीवरच्या आरक्षणाला हाय. महापालिका आली की विकास आराखडा आला आणि आराखडा आला की सातबाऱ्यावर बगीचा, शाळा, खेळाचं मैदान, डेपो. बिल्डरचा प्लॉट मोकळा राहतो आणि ज्याच्याकडं दीड एकर, त्याच्यावर शिक्का पडतो. शिक्का पडला की जमीन ना विकता येत, ना त्यावर घर बांधता येत, ना बँक दारात उभी करत. पैसे कधी? ज्या दिवशी महापालिकेकडं येतील त्या दिवशी. आमच्या बापानं ती जमीन कुळकायद्यात मिळवली. ती आमी कशापायी शहराच्या हिरवळीसाठी द्यायची?

शहराशी वैर न्हाई आमचं. दूध शहरातच घालतो, भाजी शहरातच विकतो. पण जमिनीचा प्रश्न आला की आमी गावचेच.

कलमदान :
काळी_माती दादा, तुमची भीती खरी आहे, पण कायद्यातली एक गोष्ट सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. शिवाय पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेता येतो.

काळी_माती :
वकीलसाहेब, दहा वर्षं वाट बघायची, मग नोटीस, मग आणखी दोन वर्षं. तोवर माझ्या पोराचं लग्नाचं वय जाईल. आणि टीडीआर कुणाला इकायचा ते बिल्डर ठरवतो. कायदा तुमच्या तोंडी बरा वाटतो, शेतात न्हाई.

कलमदान :
हे मान्य. टीडीआरच्या बाजारात लहान मालकाची अडवणूक होते, हे मीही बघतो.

माई_उपनगर :
वेशीवरचा भाऊ, मी हद्दवाढीच्या बाजूची आहे आणि कारण एकच, पाणी. आमची कॉलनी शहरापासून चालत जाता येईल इतकी जवळ. गावाची पाण्याची योजना आखली तेव्हा तिथं मळे होते, आता तीन-चार मजली इमारती आहेत. टाकी तीच, पाईप तोच. मार्च लागला की पाणी दिवसाआड, मग दोन दिवसांआड, तेही पहाटे. आमच्या मजल्यापर्यंत दाब चढत नाही. प्रत्येक सोसायटीत बोअर आहे आणि बोअरचं पाणी इतकं जड की कुकरच्या तळाशी पांढरा थर बसतो. टँकरचे पैसे वर्षाकाठी काढले तर शहरातल्या घरफाळ्यापेक्षा जास्त होतात. घरफाळा वाढेल म्हणून घाबरवणाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडलाय का?

कचऱ्याचंही तेच. घंटागाडी येते, पण कचरा टाकायला जागा नाही. मग ओढ्याच्या कडेला टाकायचा आणि रात्री पेटवून द्यायचा. माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. थंडीत खिडकी उघडता येत नाही. ग्रामपंचायतीतली माणसं वाईट नाहीत, आमच्या ओळखीचीच आहेत. पण चार हजारांच्या गावासाठी असलेली यंत्रणा तीस हजार माणसांना पुरणार कशी?

गावकुस :
माईंचा त्रास खोटा नाही. तरी मी विरोधात आहे आणि शेतीवाला नाही, नोकरी करतो.

ग्रामपंचायतीत जास्तीत जास्त सतरा सदस्य असतात. त्यातला एक माझ्या गल्लीत राहतो. दिवा गेला तर त्याच्या दारात जाऊन सांगतो. ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला खर्च विचारता येतो. वित्त आयोगाचा पैसा थेट गावाच्या खात्यात येतो. शहरात काय? नोव्हेंबर २०२० ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं निवडणूकच नाही. प्रशासक! साडेपाच लाखांच्या शहराला आपला नगरसेवक नव्हता आणि त्याच काळात आम्हाला सांगत होते, या, शहरात या. ज्या घरात घरच्यांनाच बोलायची सोय नाही तिथं पाहुण्यानं काय म्हणून जायचं?

आणखी एक. शहरात गेलं की रोजगार हमीचं काम बंद. ग्रामीण घरकुल बंद, शहरी योजनेचे निकष वेगळे. जिल्हा परिषदेची शाळा कुणाकडं जाणार ते कुणी सांगत नाही. गावात फक्त फ्लॅटवाले राहत नाहीत, मजुरीवर जाणाऱ्या बायका पण राहतात.

वेशीवरचा :
गावकुस, प्रशासकाचा मुद्दा बिनतोड आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि कुठल्याही पक्षाकडे नसेल. पण तो राज्यभरचाच प्रश्न होता आणि मुदत संपलेल्या जिल्हा परिषदांवरही प्रशासकच होते. त्यामुळे तो हद्दवाढीच्या विरोधातला मुद्दा धरायचा की वेळेवर निवडणुकांच्या मागणीचा, याचा विचार व्हावा.

हिशोबनीस :
पैशाची बाजू मांडतो, कारण त्याशिवाय सगळी चर्चा हवेत आहे.

पूर्वी महापालिका जकातीवर चालायची. एप्रिल २०११ ला कोल्हापुरात जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला, २०१७ ला जीएसटी. म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटला आणि महापालिका राज्याच्या अनुदानावर आली. हातात उरलं काय? घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क. शहरात मोकळी जागा नाही, त्यामुळे नवी बांधकामं वेशीबाहेर आणि त्यांचं शुल्कही बाहेर. शहर मात्र सगळ्यांचं ओझं वाहतंय. बाहेरची गाडी शहरातल्या रस्त्यावर, बाहेरचा रुग्ण शहरात, बाहेरचं सांडपाणी ओढ्या-नाल्यांतून पंचगंगेत.

दुसरं, लोकसंख्येवर ठरणारा निधी. पंधराव्या वित्त आयोगानं दहा लाखांवरच्या नागरी समूहांसाठी वेगळा पैसा ठेवला, त्यात आपण नाही. स्मार्ट सिटीत सोलापूर गेलं, कोल्हापूर नाही. आपला आकार कागदावर लहान, म्हणून ताटातलं वाढणंही लहान.

घरफाळ्याबद्दल : नव्यानं आलेल्या गावांना शहराचा दर पहिल्याच दिवशी लागत नाही. काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं वाढतो. ही गोष्ट गावागावांत कुणी नीट समजावून सांगितली नाही, आणि ही चूक हद्दवाढ मागणाऱ्यांचीच.

तांबडा_पांढरा :
एवढं गंभीर वाचून भूक लागली. हद्दवाढ झाली की वेशीबाहेरच्या मिसळ शहरातल्या धरायच्या का? आमच्या ग्रुपात यावर मतदान चालू आहे.

पंचगंगाकाठ :
मिसळीला हद्द नसते भावा. पाव संपला की वाद संपला.

जुळे_सोलापूर :
सोलापूरकर म्हणून लिहितो. आमच्याकडे १९९२ ला हद्दवाढ झाली. शहर एकदम मोठं झालं, सुमारे १७८ चौरस किलोमीटर. तीस वर्षं होऊन गेली, तरी हद्दवाढ भागातल्या कित्येक वसाहतींत पावसाळ्यात रिक्षावाला आत यायला नको म्हणतो. ड्रेनेज तुकड्या-तुकड्यानं झालं. आणि पाणी? शहराला चार-पाच दिवसांआड. उजनी भरलेली असताना!

कोल्हापूरकरांनो, एकच सांगणं. हद्द आधी आणि पैसा नंतर असं करू नका. एकदा नकाशावर रेघ ओढली की मंत्रालयातल्या माणसाचं काम संपतं. तुमचं तिथून सुरू होतं.

माई_उपनगर :
वाचून पोटात गोळा आला. पण दादा, १९९२ आधी तुमच्या त्या भागात काय होतं? आणि हद्दवाढ झालीच नसती तर आज तिथं काय असतं?

जुळे_सोलापूर :
ताई, प्रश्न रास्त आहे. झाली नसती तर याहून वाईट असतं असं मला वाटतं. माझं घर त्याच भागात आहे आणि मी ते सोडलेलं नाही. रस्ते रुंद आखले गेले ते महापालिकेमुळेच.

कोथरूडचा_कोल्हापूरकर :
पुण्यात २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला २३. महापालिका ५१६ चौरस किलोमीटरची झाली, राज्यात सगळ्यात मोठी. पुढं फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी कराविरुद्ध एवढा आवाज उठवला की ती दोन गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. कारण साधं. कराची बिलं पोचली, पाणी टँकरनंच येत राहिलं. शिवाय उरुळी-फुरसुंगीनं पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसलेला. आपल्याकडं तसं व्हायला नको असेल तर बिलाआधी पाईप, हा क्रम लिहून घ्या.

साच्यातला_लोखंड :
उद्योगाची बाजू कुणीच लिहीना, म्हणून मी लिहितो. माझं लहान मशीन शॉप आहे, फौंड्र्यांच्या कास्टिंगवर काम करतो. शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांनी सुरुवात केली. जागा कमी पडली म्हणून शिरोली, मग गोकुळ शिरगाव आणि आता कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी. कोल्हापूरचा उद्योग शहराबाहेर वाढला, कारण शहरात वाढायला वाव नव्हता.

एमआयडीसीत पाणी एमआयडीसी देते, रस्ता एमआयडीसी करते, परवानगी एमआयडीसी देते. मग महापालिकेनं येऊन कर नेमका कशाचा घ्यायचा? विजेचा दर कर्नाटकापेक्षा जास्त म्हणून आधीच ओरड आहे, सीमा इथून तासाभराच्या आत. घरफाळा आणखी वाढला तर पुढचं विस्तारीकरण निपाणी-बेळगावकडं जाईल. एमआयडीसी सोडून बाकी गावं घ्या, आमचा विरोध नाही.

हिशोबनीस :
पण एमआयडीसीच वगळली तर महापालिकेला मिळणार काय? नुसती खर्चाची गावं? २०१६ च्या प्रस्तावात दोन्ही एमआयडीसी होत्या त्या याच कारणानं.

साच्यातला_लोखंड :
म्हणजे तुम्हाला आम्ही हवेत ते फक्त उत्पन्न म्हणून. हेच तर गावंही म्हणतायत.

नाद_खुळा_९ :
गावं काय म्हणतात ते राहू दे. पाणी शहराचं, केएमटीची बस शहराची, दवाखाना शहराचा, अंत्यसंस्कार सुद्धा शहरात. आणि हद्दीत या म्हटलं की आम्ही ग्रामीण. बंद करा केएमटी, तोडा पाण्याचं कनेक्शन, आठ दिवसांत वठणीवर येतील.

गावकुस :
नाद_खुळा, पाण्याचं म्हणाल तर काळम्मावाडीचं धरण दूधगंगेवर आहे, शहरात नाही. तिथली गावं उठली म्हणून तुमच्या नळाला पाणी आलं. थेट पाईपलाईनचं काम २०१४ ला सुरू झालं आणि पाणी यायला २०२३ ची दिवाळी उजाडली. पाईप ज्या रस्त्यांनी, शेतांच्या कडेनं आली ते सगळे खेड्यातलेच.

काळी_माती :
आणि सकाळी तुमच्या चहात दूध कुणाचं असतंय रं? आमी पण आठ दिवस बंद ठेवू का?

वेशीवरचा :
थांबा, थांबा. धागा काढणारा म्हणून विनंती करतो. एकमेकांचं पाणी आणि दूध तोडायची भाषा नको. केएमटी बंद झाली तर पहिला मार बसतो तो शहरात धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशीला आणि कॉलेजच्या मुलीला. त्यांनी हद्दवाढ अडवलेली नाही.

जुनी_पेठ :
वय झालं माझं, टायपायला वेळ लागतो, पण लिहितो. या शहरानं पूर्वी वाढायचं कसं ते दाखवलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली, गुळाची बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून. पुढं राजारामपुरी झाली. गल्ल्यांना नंबर, रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात. आजही पहिल्या गल्लीत उभं राहिलं की नवख्या माणसाला नवव्या गल्लीचा पत्ता सांगता येतो. आधी आखणी केली, मग माणसं राहायला आली.

आता उपनगरात भाचीकडं जातो. रस्ता रिक्षाएवढा आणि शेवटी भिंत. गुंठा-गुंठा जमीन विकली, ज्यानं त्यानं आपापल्या बांधापर्यंत घर ओढलं. ॲम्ब्युलन्स आत येत नाही. हे पाप महापालिकेचं नाही, ग्रामपंचायतीचंही एकटीचं नाही. पन्नास वर्षं निर्णय न घेणाऱ्या सगळ्यांचं आहे.

कलमदान :
जुनी_पेठ काका, नेमकं बोललात. २०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण दिलं, ते याच आखणीसाठी. पण प्राधिकरण परवानग्या देऊ शकतं. रोजचं पाणी, कचरा, दिवाबत्ती ही त्याची कामं नाहीत. दोन्हीकडच्या लोकांचा राग शांत करायला काढलेला तो तोडगा होता. त्यानं शहराला जमीन मिळाली नाही आणि गावाला नळ मिळाला नाही.

राजकीय कारणही स्पष्ट आहे. कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात शहराचे प्रभाग आहेत आणि लागून असलेली गावंही. दोन्हीकडून मतं हवी असणारा माणूस हद्दवाढीवर ठाम बोलेल कसा? दर निवडणुकीत शहरात ‘होणार’ आणि गावात ‘लादणार नाही’.

वळिवडे_स्टेशन :
अवांतर आहे, पण गावांची ओळख पुसली जाईल म्हणतात त्यावरून आठवलं. गांधीनगर आज कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून सगळ्यांना माहीत. त्याच जागेवर दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं तिथं राहिली आणि त्यांनी बाजार उभा केला. त्या पोलिश मुलांपैकी काही म्हातारपणी परत येऊन गेली, २०१९ ला तर पोलंडचं शिष्टमंडळच आलं होतं. या मातीनं एवढे लोक सामावून घेतले. कुणाच्या कार्यालयात कर भरतो यावर गावाची ओळख ठरते असं मला वाटत नाही.

माई_उपनगर :
काय सुंदर माहिती दिलीत. मुलांना घेऊन जाते बघायला.

पंचगंगाकाठ :
पुराचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद. सुतारवाडा, बापट कॅम्प, शाहूपुरीचा कुंभार गल्लीकडचा भाग पाण्यात. मूर्तिकारांच्या गणपतीच्या मूर्ती चिखलात गेल्या, ते बघून रडू यायचं.

शहराला बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून माणूस नदीकडं सरकतो. ओढ्यात भराव, पूररेषेत इमारत. हद्दवाढीचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हे आहे. उंचावरची जमीन दक्षिणेला आणि पूर्वेला आहे आणि ती हद्दीबाहेर आहे.

गावकुस :
आणि चिखली-आंबेवाडी? ती पण पुरात जातात. १९८९ च्या पुरानंतर सोनतळीत जागा दिल्या, पण पुनर्वसनाचे प्रश्न अजून संपले नाहीत. महापालिका आल्यानं पूर थांबणार नाही, पंचगंगाकाठ.

पंचगंगाकाठ :
थांबणार नाही, बरोबर. पण भराव कोण घालतोय याचा जाब एका जागी विचारता येईल. आज ओढ्याचा वरचा भाग ग्रामपंचायतीत, खालचा महापालिकेत. पाणी तुंबलं की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

साच्यातला_लोखंड :
हे पटलं. आमच्याकडंही तोच अनुभव.

सर्किट_बेंच_समोर :
मी वकिलीच्या कामासाठी साताऱ्याहून येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे पक्षकार येतात. बेंचजवळच्या सीपीआर चौकात सकाळी दहाला उभं राहून बघा. पुढं शेंडा पार्कात कायमची इमारत झाली की आसपासच्या जमिनीचे भाव काय होतील, घरं कुठं होतील, याचा विचार आत्ताच झाला नाही तर पाच वर्षांनी याच धाग्यावर याच तक्रारी असतील. बाहेरचा आहे, म्हणून एवढंच बोलतो.

जुनी_पेठ :
बाहेरचे कसले, बेंचसाठी सहा जिल्हे एकत्र लढले. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्धच्या आंदोलनात तर अख्खं कोल्हापूर रस्त्यावर होतं. एन. डी. पाटील सर त्या वयात मोर्चाच्या पुढं चालायचे. पेठेतले पैलवान होते, करवीरातले शेतकरी होते, उद्यमनगरचे कारखानदार होते. २०१६ ला टोल गेला तो सगळे एकत्र होतो म्हणून. हद्दवाढीत आपण दोन कृती समित्या काढल्या, एक बाजूची, एक विरोधी. दोघी एकमेकींविरुद्ध बंद पुकारतात आणि सरकार निवांत.

वेशीवरचा :
काका, याच मुद्द्यावर परत येतो.

एवढं सगळं वाचून मला दिसतंय ते असं. विरोध करणाऱ्यांपैकी एकानंही ‘शहराशी आमचा संबंध नाही’ असं म्हटलेलं नाही. काळी_माती दादांना आरक्षणाची भीती, गावकुस यांना बोलायचं ठिकाण जाण्याची, साच्यातला_लोखंड यांना काही न मिळता कर भरण्याची. सोलापूर-पुण्याचा अनुभव सांगतो की ही भीती बिनबुडाची नाही.

कायद्याप्रमाणे हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३. त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. आजवर त्या टप्प्याला शहरानं ‘हो’ आणि गावानं ‘नाही’ एवढंच लिहून द्यायची तयारी ठेवली. माझं म्हणणं, आपण मिळून अटी लिहाव्यात. शहरातल्या माणसानंही त्याच अटींवर सही करावी. कोणत्या अटी असतील तर तुम्ही विरोध मागं घ्याल?

काळी_माती :
लिहा. शेती चालू असलेल्या लहान धारकाच्या जमिनीवर आरक्षण टाकायचं झालं तर आधी सरकारी जागा आणि गायरान बघायचं. टाकलंच तर पैसे अमुक वर्षात, हे आराखड्यातच लिहायचं. आणि आरक्षण कुणाच्या जमिनीवरनं कुणाच्या जमिनीवर सरकलं, त्याची यादी चावडीवर लावायची. एवढं झालं तर मी गावात बोलायला तयार हाय. सगळं गाव ऐकंल असं म्हणत न्हाई.

गावकुस :
प्रत्येक गावात क्षेत्र सभा, म्हणजे त्या भागातल्या मतदारांची सभा. कायद्यात तरतूद आहे, ती कागदावर राहू नये. पहिली निवडणूक हद्दवाढीनंतर लगेच, प्रशासकाच्या भरवशावर ठेवायचं नाही. रोजगार हमीवर असलेल्या बायकांसाठी शहरात काय काम, ते आधी सांगायचं.

हिशोबनीस :
राज्यानं हद्दवाढीसोबत वेगळा निधी द्यावा, गावनिहाय. महापालिकेच्या आहे त्या उत्पन्नातून हे झेपणार नाही, हे मी शहरवाला असून सांगतो. आणि नव्या गावांतून येणारा घरफाळा पहिली काही वर्षं त्याच गावांत खर्च व्हावा, त्याचा हिशोब दर वर्षी जाहीर व्हावा.

माई_उपनगर :
पाण्याची मुख्य वाहिनी पोचल्याशिवाय वाढीव पाणीपट्टी नाही. कचऱ्याला जागा ठरल्याशिवाय नवीन गाव घ्यायचं नाही. शहराचा कचरा आमच्या ओढ्याकडं यायला नको आणि आमचा कुणाच्या दारात जायला नको.

नाद_खुळा_९ :
मी मघाशी तावातावात लिहिलं. केएमटीचं राहू द्या. उलट केएमटीच्या फेऱ्या वाढवायची अट घाला. माझी बहीण कळंब्याला दिलीय, तिला रात्री आठनंतर बस मिळत नाही.

साच्यातला_लोखंड :
एमआयडीसीचा निर्णय वेगळा ठेवा. गावांच्या गाठोड्यात बांधू नका. कर द्यायचाच झाला तर त्याच्या बदल्यात सांडपाणी प्रक्रिया आणि अग्निशमनाची गाडी कुठं उभी राहणार ते सांगा.

कलमदान :
मी मसुदा तयार करतो. हरकतीच्या नमुन्यात बसेल अशा भाषेत, गावानुसार वेगळी पानं. वेशीवरचा, तुम्ही पाणी आणि कचऱ्याचं पान माईंकडून लिहून घ्या. आरक्षणाचं काळी_माती दादांनी बोलून सांगितलं तरी चालेल, मी उतरवून घेतो.

काळी_माती :
व्हय, येतो. एक राहिलं, पाणंद रस्ते पण लिहा. बैलगाडीच्या वाटा हायत, नकाशावर त्या दिसत न्हाईत. आराखडा आला की पहिल्यांदा त्याच जातात आणि मग शेतातला ऊस बाहेर काढायला वाट उरत न्हाई.

कलमदान :
घेतलं. तुमच्या शिवारातल्या पाणंदींची नावं आणि गट नंबर आणा.